पाउल माउझर

पीटर पाउल माउझर (२७ जून, इ.स. १८३८ - २९ मे, इ.स. १९१४) हे जर्मन बंदूककार, शस्त्रसंशोधक आणि कारखानदार होते. दक्षिण जर्मनीतील व्युर्टेंबर्गच्या राज्यात नेकार नदीकाठी वसलेल्या ओबेर्नडॉर्फ या गावी त्यांचा जन्म झाला आणि त्याच गावी त्यांचे निधन झाले. बोल्ट फिरवून काडतूस भरण्याच्या रायफलीला त्यांनी व त्यांचे थोरले बंधू विल्हेल्म माउझर यांनी जे रूप दिले, ते पुढे जगातील अनेक देशांच्या सैन्यांनी स्वीकारले. इ.स. १८९६च्या सुमारास बाजारात आलेल्या ‘सी ९६’ या स्वयंभरण पिस्तुलामुळे त्यांचे आडनाव भारतासह आशियातील अनेक देशांत एका हत्याराचे नाव म्हणूनच रूढ झाले.

माउझर हे नाव कोरलेले प्रत्येक शस्त्र पाउल माउझर यांनी कल्पिलेले नाही आणि त्यांनी कल्पिलेल्या प्रत्येक शस्त्रावर त्यांचे नाव नाही. त्यामुळे जुन्या जर्मन पिस्तुलांचा व रायफलींचा निर्माता ठरवताना त्यांवरील शिक्के, क्रमांक आणि नावे स्वतंत्रपणे वाचावी लागतात. माउझर यांच्या जीवनक्रमात या गुंतागुंतीची कारणे सापडतात.

बालपण आणि प्रशिक्षण

व्युर्टेंबर्गचा राजा पहिला फ्रीडरिश याने इ.स. १८११ मध्ये ओबेर्नडॉर्फ येथील ऑगस्टिनियन पंथाच्या जुन्या मठाच्या इमारतीत शासकीय बंदूक कारखाना सुरू केला. पाउल यांचे वडील फ्रान्त्स आंद्रेयास माउझर हे या कारखान्यात बंदूककार होते. त्यांच्या तेरा अपत्यांपैकी पाउल हे सर्वांत धाकटे. विल्हेल्म हे पाउल यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे होते. मोठ्या कुटुंबाचा चरितार्थ एकट्या वडिलांच्या मजुरीवर चालत नसल्याने घरातील मुले लवकरच कारखान्यात कामाला लागत. पाउल यांनीही शालेय शिक्षण संपताच तेथेच कामास प्रारंभ केला.

इ.स. १८५९ मध्ये त्यांना सैन्यात भरती व्हावे लागले. तोफखान्याचे सैनिक म्हणून त्यांची नेमणूक लुडविग्सबुर्ग येथील शस्त्रागारात झाली. तेथे त्यांना तोफा व बंदुका यांची दुरुस्ती आणि रचना जवळून अभ्यासता आली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना ओबेर्नडॉर्फच्या कारखान्यात परत पाठवण्यात आले. दिवसभर कारखान्याचे काम आणि उरलेल्या वेळात स्वतःचे प्रयोग, असा त्यांचा क्रम यानंतर अनेक वर्षे राहिला.

सुई-बंदुकीतील सुधारणा

त्या काळी प्रशियाच्या सैन्यात योहान निकोलाउस ड्रायझे यांची सुई-बंदूक वापरात होती. मागील बाजूने भरता येणारी ही बंदूक तोंडातून भरल्या जाणाऱ्या बंदुकांपेक्षा पुष्कळच जलद चालत असे. इ.स. १८६६च्या ऑस्ट्रिया-प्रशिया युद्धात तिचे महत्त्व साऱ्या युरोपाने पाहिले. तथापि तिच्यात दोन मोठे दोष होते. तिचे काडतूस कागदी असल्याने स्फोटाचे तप्त वायू मागील बाजूने निसटत आणि सैनिकाच्या चेहऱ्यावर येत. शिवाय ठिणगी पाडणारी लांब सुई दारूच्या ज्वाळेत सापडून लवकर खराब होई.

माउझर बंधूंनी ही रचना मुळापासून बदलली. त्यांच्या बोल्टची मूठ वर फिरवताच चापाची कमान आपोआप ताणली जाई. त्याच फिरण्याने नळीत घट्ट बसलेले रिकामे काडतूसही सैल होऊन बाहेर काढता येई. सुईची जागा आखूड आघातशलाकेने आणि कागदी काडतुसाची जागा धातूच्या काडतुसाने घेतली. धातूचे आवरण स्फोटाच्या दाबाने फुगून नळीचा मागील भाग बंद करते, त्यामुळे वायू मागे येण्याचा धोका पुष्कळ कमी झाला. बंदूक चालवणाऱ्याची सुरक्षितता हा माउझर यांच्या कामातील कायमचा विषय येथूनच सुरू झालेला दिसतो.

लिएजमधील वर्षे

व्युर्टेंबर्गच्या युद्धखात्याने या सुधारणेत रस दाखवला नाही. ऑस्ट्रियाच्या वकिलातीमार्फत ही बंदूक व्हिएन्ना येथे पाठवण्यात आली, परंतु ऑस्ट्रियाने त्याआधीच दुसऱ्या बंदुकीची निवड केली होती. तेथे ती रेमिंग्टन या अमेरिकन कंपनीचे युरोपातील प्रतिनिधी सॅम्युएल नॉरिस यांच्या पाहण्यात आली. फ्रान्सच्या शास्पो बंदुकीत हे तंत्र बसवून मोठा व्यवहार करता येईल, असे नॉरिस यांना वाटले. त्यांनी इ.स. १८६७ मध्ये माउझर बंधूंशी करार केला आणि दोघे भाऊ बेल्जियममधील लिएज या बंदूक-व्यवसायाच्या शहरात राहावयास गेले.

२ जून, इ.स. १८६८ रोजी अमेरिकेत मिळालेल्या एकस्वावर माउझर बंधूंबरोबर नॉरिस यांचेही नाव होते. मात्र फ्रान्सशी व्यवहार जुळला नाही. नॉरिस यांनी लक्ष काढून घेतल्यावर बंधूंची आर्थिक स्थिती बिकट झाली. इ.स. १८६९च्या अखेरीस पाउल ओबेर्नडॉर्फला परतले आणि पुढील वर्षी विल्हेल्मही परत आले. दरम्यान त्यांची रायफल प्रशियाच्या श्पांडाउ येथील सैनिकी नेमबाजी शाळेत चाचणीसाठी दाखल झाली होती.

इ.स. १८७१ची रायफल

श्पांडाउच्या परीक्षकांना माउझर यांची रायफल पसंत पडली, तथापि तिला सुरक्षा-खटका असावा अशी अट घालण्यात आली. विल्हेल्म यांनी अधिकाऱ्यांशी बोलणी करावीत आणि पाउल यांनी ओबेर्नडॉर्फमध्ये बसून रचनेत बदल करावेत, अशी कामाची वाटणी दोघा भावांनी केली. १४ फेब्रुवारी, इ.स. १८७२ रोजी ही ११ मिमी व्यासाची एकबारी रायफल ‘इन्फंट्री रायफल नमुना १८७१’ या नावाने नव्या जर्मन साम्राज्याच्या सैन्यासाठी अधिकृतपणे स्वीकारली गेली.

या यशाचे आर्थिक फळ बंधूंना अपेक्षेच्या मानाने अल्पच मिळाले. रायफलीचे उत्पादन श्पांडाउ, एरफुर्ट, डान्झिग आणि आम्बेर्ग येथील शासकीय शस्त्रागारांकडे गेले. ऑस्ट्रियातील श्टायर येथील कारखान्यालाही मोठी मागणी मिळाली. ज्यांनी रायफल निर्माण केली त्या माउझर बंधूंच्या वाट्याला सुरुवातीला केवळ ३,००० नेमपट्ट्या पुरवण्याचे काम आले. त्यामुळे या नमुन्याच्या पुष्कळ रायफलींवर शस्त्रागाराचे नाव आढळते, माउझर यांचे आढळत नाही.

कारखान्याची मालकी

इ.स. १८७३-७४च्या सुमारास व्युर्टेंबर्ग सरकारने १,००,००० रायफलींची मागणी माउझर बंधूंकडे नोंदवली. ती पूर्ण करण्यासाठी त्यांनी श्टुटगार्ट येथील व्युर्टेंबर्ग फेराइन्सबँकेच्या भागीदारीत इ.स. १८७४ मध्ये ओबेर्नडॉर्फचा शासकीय कारखाना विकत घेतला. ज्या कारखान्यात वडील मजूर होते आणि स्वतः बालवयात कामाला लागले होते, त्याचेच ते आता मालक झाले. मात्र भांडवल बँकेचे असल्याने ही मालकी प्रथमपासूनच वाटलेली होती.

व्युर्टेंबर्गची मागणी पूर्ण झाल्यावर नवे काम मिळवणे भाग होते. पाउल यांनी इ.स. १८७८ मध्ये एक रिव्हॉल्वर तयार केले. त्याच्या गोल कोठीवर कोरलेल्या नागमोडी खाचांत एक खुंटी सरकून कोठी फिरत असे. जर्मन सैन्याने ते नाकारले आणि शासकीय आयोगाच्या साध्या रिव्हॉल्वरचा स्वीकार केला. इ.स. १८८१ मध्ये सर्बियाकडून १,२०,००० रायफलींची मागणी आल्याने कारखाना तगला.

१३ जानेवारी, इ.स. १८८२ रोजी विल्हेल्म यांचे निधन झाले. व्यवहाराची सर्व बाजू तेच पाहत असत. दोन वर्षांनी, इ.स. १८८४ मध्ये, भागीदारीचे रूपांतर ‘वाफेनफाब्रिक माउझर’ या भागभांडवली कंपनीत झाले. त्याच वर्षी आठ काडतुसांची नळीवजा कोठी जोडलेली सुधारित रायफल जर्मन सैन्याने स्वीकारली.

इ.स. १८८७ मध्ये तुर्कस्तानने ५,००,००० रायफली व ५०,००० कार्बाइन यांची प्रचंड मागणी नोंदवली. हे काम बर्लिनमधील लुडविग लोवे या कंपनीच्या सहभागाने घेण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस लोवे कंपनीने बँकेकडील आणि पाउल यांच्याकडील भाग विकत घेऊन माउझर कंपनीवर ताबा मिळवला. पाउल तांत्रिक प्रमुख म्हणून कामावर राहिले. इ.स. १८९६ मध्ये लोवे समूहाचा शस्त्रव्यवसाय ‘डॉइचे वाफेन उंड मुनित्सिओन्सफाब्रिकेन’ या नव्या कंपनीत एकत्र करण्यात आला. या कंपनीच्या नावाची आद्याक्षरे ‘डीडब्ल्यूएम’ अशी आहेत. माउझर कारखान्याची मालकी यानंतर या कंपनीकडे राहिली.

धूरहीन दारू आणि इ.स. १८९८ची रायफल

इ.स. १८८६ मध्ये फ्रान्सने धूरहीन दारूची रायफल सैन्यात आणली. घाईघाईने उत्तर देण्यासाठी जर्मनीने इ.स. १८८८ मध्ये श्पांडाउ येथील आयोगाकडून नवी रायफल तयार करवून घेतली. पाउल माउझर यांना या कामात स्थान नव्हते. तरीही पुढे या रायफलीला अनेक ठिकाणी माउझर असेच म्हटले जाऊ लागले.

माउझर यांनी आपल्या नव्या कल्पना परदेशी सैन्यांसाठी राबवल्या. बेल्जियमने इ.स. १८८९ मध्ये त्यांची रायफल स्वीकारली आणि ती बनवण्यासाठी हेर्स्ताल येथे ‘फाब्रिक नासिओनाल’ हा कारखाना स्थापन झाला. पट्टीवर लावलेली पाच काडतुसे वरून एकदम कोठीत ढकलण्याची पद्धत या रायफलीत होती. स्पेनच्या इ.स. १८९३च्या नमुन्यात काडतुसे कोठीत दोन रांगांत बसवण्यात आली, त्यामुळे कोठीचा भाग रायफलीच्या खाली लोंबत राहिला नाही. इ.स. १८९८ मध्ये क्यूबातील लढाईत स्पॅनिश सैनिकांच्या माउझर रायफलींचा अनुभव घेतल्यावर अमेरिकेने आपली इ.स. १९०३ची रायफल तयार केली. तीत माउझर यांच्या रचना वापरल्याबद्दल अमेरिकन सरकारने पुढे २,००,००० डॉलर स्वामित्वशुल्क दिले.

५ एप्रिल, इ.स. १८९८ रोजी जर्मन सैन्याने ‘गेवेअर ९८’ ही माउझर यांची रायफल स्वीकारली. बोल्टच्या पुढील भागातील दोन अडसरांबरोबर मागे एक तिसरा अडसर ठेवण्यात आला. काडतूस फुटलेच तर वायू बाजूला निघून जावेत म्हणून बोल्टला छिद्रे व मागे रुंद आडोसा देण्यात आला. पुढे बनलेल्या बहुतेक बोल्ट-रायफलींवर या रचनेचा प्रभाव आहे.

यानंतर माउझर स्वयंभरण रायफलीच्या प्रयोगांकडे वळले. अशाच एका नमुन्याच्या चाचणीत झालेल्या अपघातात त्यांना एक डोळा गमवावा लागला. तरीही त्यांनी प्रयोग थांबवले नाहीत, परंतु सैन्याने स्वीकारावी अशी स्वयंभरण रायफल त्यांच्या हयातीत तयार होऊ शकली नाही.

सी ९६ पिस्तूल

‘माउझर पिस्तूल’ म्हणून जगभर ओळखले जाणारे शस्त्र फिडेल, फ्रीडरिश आणि योसेफ फेडेर्ले या तीन बंधूंच्या कल्पनेतून निर्माण झाले. फिडेल फेडेर्ले हे ओबेर्नडॉर्फ कारखान्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. इ.स. १८९५च्या मार्च महिन्यात पहिला नमुना तयार झाला आणि डिसेंबरमध्ये त्याचे एकस्व माउझर यांच्या नावे घेण्यात आले. फेडेर्ले यांचे नाव पिस्तुलावर कोठेही कोरलेले नाही.

या पिस्तुलाची कोठी चापाच्या पुढे असून तीत दहा काडतुसे पट्टीने वरून भरली जातात. काडतूस ७.६३ मिमी व्यासाचे असून ते ह्यूगो बोरशार्ट यांच्या पिस्तुलाच्या काडतुसावर आधारलेले होते. यंत्रणेचे भाग एकमेकांत अडकून बसतात. मुठीच्या लाकडी पट्ट्यांचा स्क्रू सोडल्यास संपूर्ण पिस्तुलात दुसरा स्क्रू नाही. लाकडी म्यान मुठीला मागून जोडले की पिस्तूल खांद्याला टेकवून रायफलीप्रमाणे चालवता येते.

२० ऑगस्ट, इ.स. १८९६ रोजी पॉट्सडामजवळ जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याच्यासमोर या पिस्तुलाचे प्रात्यक्षिक झाले. तथापि जर्मन सैन्याने त्याचा नियमित शस्त्र म्हणून स्वीकार केला नाही. इ.स. १८९७ मध्ये तुर्कस्तानने १,००० आणि इ.स. १८९९ मध्ये इटलीच्या नौदलाने ५,००० पिस्तुले घेतली. खासगी खरेदीदारांत मात्र ते लोकप्रिय झाले. इ.स. १८९८च्या ओमडुरमनच्या लढाईत विन्स्टन चर्चिल यांच्याजवळ हेच पिस्तूल होते.

जर्मन सैन्याने इ.स. १९०८ मध्ये गेओर्ग लुगर यांचे पॅराबेलम पिस्तूल स्वीकारले. लुगर हे डीडब्ल्यूएमच्या सेवेत होते. अशा रीतीने माउझर यांच्या कारखान्याची मालक असलेली कंपनीच पिस्तुलांच्या बाबतीत त्यांची प्रतिस्पर्धी ठरली.

अखेरची वर्षे

माउझर हे इ.स. १८९८ ते इ.स. १९०३ या काळात नॅशनल लिबरल पक्षाचे प्रतिनिधी म्हणून जर्मन संसदेचे, म्हणजे राइशटागचे, सदस्य होते. ओबेर्नडॉर्फने त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले आणि इ.स. १९१२ मध्ये व्युर्टेंबर्गच्या राजाने त्यांना सरदारकी बहाल केली. कारखान्यातील लहान खिशातील पिस्तुले याच काळात बाजारात आली. त्यांची रचना प्रामुख्याने योसेफ निकल यांची होती.

२९ मे, इ.स. १९१४ रोजी ओबेर्नडॉर्फ येथे पाउल माउझर यांचे निधन झाले. त्यानंतर दोन महिन्यांतच पहिले महायुद्ध सुरू झाले.

पिस्तुलांवरील शिक्के आणि निर्मात्याची ओळख

जुन्या जर्मन पिस्तुलावर मुकुट आणि त्याखाली अक्षर असलेला शिक्का दिसला की तो निर्मात्याचा शिक्का समजण्याची चूक अनेकदा होते. वस्तुतः तो चाचणीशिक्का असतो. नेहमीपेक्षा अधिक दाब निर्माण करणारे काडतूस उडवून नळी व बोल्ट तपासले जात आणि त्यांत दोष न आढळल्यास शासनमान्य चाचणीगृह हा शिक्का मारत असे. शस्त्राने चाचणी सोसली, एवढेच तो सांगतो. एकाच प्रकारचा शिक्का अनेक कारखान्यांच्या पिस्तुलांवर सापडतो.

लंडन, बर्मिंगहॅम आणि लिएज येथे अशा चाचणीची जुनी परंपरा होती. संपूर्ण जर्मनीला लागू होणारा कायदा मात्र १९ मे, इ.स. १८९१ रोजी झाला आणि १ एप्रिल, इ.स. १८९३ पासून तो पूर्णपणे अमलात आला. ओबेर्नडॉर्फ, झूल आणि त्सेला-मेलिस ही चाचणीची प्रमुख ठिकाणे होती. या कायद्यानुसार वापरात आलेल्या शिक्क्यांपैकी पुढील शिक्के पिस्तुलांच्या अभ्यासात महत्त्वाचे आहेत:

मुकुट व बी - दाबाची चाचणी उत्तीर्ण.
मुकुट व यू - चाचणीनंतरची तपासणी पूर्ण.
मुकुट व जी - नळीत आटे पाडलेले आहेत.
मुकुट व व्ही - कायदा लागू होताना तयार साठ्यात असलेले शस्त्र.
मुकुट व एन - धूरहीन दारूने चाचणी. हा शिक्का पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत वापरात आला.

यांतील व्ही अक्षराचा शिक्का असलेले पिस्तूल कायद्यापूर्वीचे असते. दुसऱ्या टोकाला, मुकुटाऐवजी गरुड आणि त्याखाली एन असा शिक्का इ.स. १९३९च्या नव्या कायद्याने आला आणि १ एप्रिल, इ.स. १९४० पासून रूढ झाला. त्यामुळे चाचणीशिक्का निर्माता सांगत नसला, तरी देश आणि काळाची मर्यादा निश्चित करतो.

निर्माता ठरवण्यासाठी इतर खुणा पाहाव्या लागतात. सी ९६च्या नळीच्या मागील भागावर आणि चौकटीच्या उजव्या बाजूस माउझर कंपनीचे व ओबेर्नडॉर्फचे नाव असते. पुढील काळातील पिस्तुलांवर कापडी फलकाच्या आकाराच्या चौकटीत माउझर हे नाव आढळते. अनुक्रमांक मुख्य भागांवर पूर्ण आणि लहान भागांवर शेवटच्या अंकांत दिलेला असतो. हे अंक जुळत नसतील तर भाग बदललेले असण्याची शक्यता असते. तुर्कस्तानला दिलेल्या पिस्तुलांवर ऑटोमन लिपीतील अंक आहेत. लंडनच्या विक्रेत्यामार्फत विकलेल्या पिस्तुलांवर त्या विक्रेत्याचे नाव व ब्रिटिश चाचणीशिक्केही आढळतात. असे पिस्तूल दोन देशांचे शिक्के बाळगत असले तरी ते बनलेले ओबेर्नडॉर्फचेच असते.

सैन्यासाठी बनलेल्या शस्त्रांना नागरी चाचणीचा कायदा लागू नव्हता. त्यांवर सैनिकी निरीक्षकांचे स्वतंत्र शिक्के असत. साम्राज्यकाळात मुकुटाखाली गॉथिक वळणाचे अक्षर, तर नाझी काळात गरुड आणि निरीक्षण कार्यालयाचा क्रमांक, असे त्यांचे रूप होते. इ.स. १९१६ मध्ये प्रशियाने ९ मिमी व्यासाच्या १,५०,००० सी ९६ पिस्तुलांची मागणी केली. मूळ ७.६३ मिमीच्या पिस्तुलांशी घोटाळा होऊन चुकीचे काडतूस भरले जाऊ नये म्हणून त्यांच्या मुठीवर मोठा ९ कोरून त्यात लाल रंग भरण्यात आला.

इ.स. १९३०च्या सुमारास डीडब्ल्यूएमची पॅराबेलम पिस्तुलांची यंत्रसामग्री ओबेर्नडॉर्फला हलवण्यात आली. त्यानंतर माउझर कारखान्यात बनलेल्या या पिस्तुलांवर कंपनीचे नाव लपवण्यासाठी सांकेतिक खुणा वापरल्या गेल्या. प्रथम एस/४२, नंतर नुसते ४२ आणि इ.स. १९४१ पासून बीवायएफ ही अक्षरे माउझर कारखान्याची निदर्शक आहेत. येथे रचना लुगर यांची, निर्माता माउझर कारखाना आणि पिस्तुलावर दोघांचेही नाव नाही, अशी स्थिती दिसते.

सी ९६च्या नकला स्पेन आणि चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर झाल्या. काही नकलांवर माउझर हे नाव चुकीच्या अक्षरांनी कोरलेले आढळते. स्पेनच्या आस्त्रा ९०० या पिस्तुलाचे बाह्यरूप माउझरसारखे असले तरी त्याची यंत्रणा वेगळी असून बाजूस सरकवून काढता येणारी पट्टी आहे. अशा वेळी कोरलेल्या नावापेक्षा रचना आणि चाचणीशिक्के यांचा पुरावा अधिक विश्वासार्ह ठरतो.

भारतातील माउझर पिस्तुले

माउझर यांच्या निधनानंतर तीनच महिन्यांनी, २६ ऑगस्ट, इ.स. १९१४ रोजी, कलकत्त्यातील रोडा आणि कंपनी या शस्त्रविक्रेत्यांसाठी आलेल्या मालातून ५० माउझर पिस्तुले व ४६,००० काडतुसे बंगालमधील क्रांतिकारकांनी पळवली. जकात कार्यालयातून माल सोडवून घेणारे कंपनीचे कर्मचारी श्रीशचंद्र मित्र हे स्वतः या कटात सामील होते. त्यांनी २०२ पेट्या ताब्यात घेतल्या आणि १९२ पेट्याच गोदामात पोहोचवल्या. उरलेल्या दहा पेट्यांसह ते नाहीसे झाले.

या पिस्तुलांपैकी प्रत्येकावर कारखान्याचा अनुक्रमांक होता आणि त्या क्रमांकांची नोंद रोडा कंपनीकडे होती. त्यामुळे पुढे एखादे माउझर पिस्तूल हाती लागले की ते याच मालातील आहे की नाही, हे पोलिसांना ठरवता येऊ लागले. इ.स. १९१८च्या रौलट समितीच्या अहवालानुसार यांतील ४४ पिस्तुले जवळजवळ लगेच नऊ क्रांतिकारी गटांत वाटली गेली, ५४ प्रकरणांत ती वापरली गेली आणि अहवालापर्यंत ३१ पिस्तुले परत मिळाली. ओबेर्नडॉर्फमध्ये हिशेबासाठी कोरलेला आकडा अशा रीतीने बंगालमधील खटल्यांत पुरावा ठरला.

९ सप्टेंबर, इ.स. १९१५ रोजी ओडिशातील बालासोरजवळ जतींद्रनाथ मुखर्जी, म्हणजेच बाघा जतीन, आणि त्यांचे चार सहकारी यांनी सशस्त्र पोलिसांशी जो सामना केला, त्यात त्यांच्याजवळ माउझर पिस्तुले होती. ९ ऑगस्ट, इ.स. १९२५च्या काकोरी कटातही माउझर पिस्तुले वापरण्यात आली.

वारसा

पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मन शस्त्रोत्पादनावर कडक बंधने आली. इ.स. १९२२ मध्ये कंपनीचे नाव माउझर-वेर्के असे झाले. सी ९६चे उत्पादन इ.स. १९३७ पर्यंत चालू राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ओबेर्नडॉर्फ फ्रेंच सैन्याच्या ताब्यात गेले आणि कारखान्याची यंत्रसामग्री उखडून नेण्यात आली. तेथील काही माजी अभियंत्यांनी इ.स. १९४९ मध्ये त्याच गावात हेक्लर उंड कॉख ही कंपनी स्थापन केली.

स्वीडनच्या रायफलींच्या मागणीसाठी ओबेर्नडॉर्फमध्ये बांधलेली ‘श्वेडनबाउ’ ही इमारत टिकून राहिली. पुढे तेथे गावाचे संग्रहालय उभे राहिले आणि माउझर बंधूंच्या शस्त्रांना त्यात स्थान मिळाले.